मेडल पेनानं नाही, पार्ट टू ऑर्डरनं मिळतं

मेहकर तालुक्यातल्या एका माजी सैनिकाचं सहा पानी पत्र आलंय. १९६८ साली ते महार रेजिमेंटमध्ये भरती झाले आणि १९८३ मध्ये नायक या हुद्द्यावरून पेन्शनवर आले. १९७१ च्या युद्धात त्यांची पलटण मागेच होती, पण ड्रायव्हर म्हणून त्यांना एकट्याला पूर्व आघाडीवरच्या एका ब्रिगेड मुख्यालयाला अटॅच केलं होतं. "सोळा डिसेंबरले सरेंडर झालं तवा मी ढाक्याच्या रस्त्यावरच गाडीत होतो," असं ते लिहितात. डिस्चार्ज बुकात, म्हणजे सैन्यातून सुटताना मिळालेल्या सेवेच्या पुस्तकात, संग्राम मेडल आहे, स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्धापनदिनाचं मेडल आहे, नऊ वर्षांच्या सेवेचंही आहे. 'पूर्वी स्टार', म्हणजे त्या युद्धात पूर्व आघाडीवर हजर असलेल्यांना मिळणारं मेडल, मात्र नाही. त्या वेळी विचारलं तर हवालदार मेजर म्हणाले, "नाव पाठवलं हाय, येईन." ते आजवर आलेलं नाही. आता गावात शाळेसमोर सैनिकांच्या नावांचा फलक लागतोय आणि नावापुढे मेडलं लिहायची आहेत. घरपट्टीच्या माफीलाही स्टार लागतो अशी त्यांची समजूत आहे. एक माणूस बारा हजारांत "रेकॉर्डात चढवून" द्यायला तयार आहे. शिवाय जावयानं उत्साहाच्या भरात डिस्चार्ज बुकाच्या मेडलांच्या पानावर निळ्या बॉलपेननं 'पूर्वी स्टार' असं लिहूनही टाकलंय. काय करावं?

नायक साहेब, आधी त्या निळ्या शाईचं बघू.

जावयानं वाईट हेतूनं लिहिलं असं मी म्हणत नाही. पण सरकारी कागदावर खोटी नोंद करून ती खरी म्हणून वापरणं हा भारतीय न्याय संहितेप्रमाणे गुन्हा आहे. बनावट दस्तऐवज तयार करण्यासाठी कलम ३३६ आहे आणि तो वापरण्यासाठी ३४०. ते पान अजून कुठे दाखवलं नसेल तर बिघडलेलं काही नाही. खोडू नका, व्हाइटनर लावू नका, पान तर अजिबात फाडू नका. पुस्तक जसं आहे तसं राहू द्या, त्याची रंगीत झेरॉक्स काढा आणि जवानांच्या नोंदी ठेवणाऱ्या रेकॉर्ड ऑफिसला पाठवायच्या अर्जात स्वतःहून लिहा: 'ही नोंद घरातील व्यक्तीने अज्ञानातून केली असून मी तिचा आधार घेत नाही.' एवढ्या एका वाक्यानं तुमच्या बाकीच्या खऱ्या नोंदी वाचतात. नाहीतर पलीकडच्या टेबलावरचा बाबू तेवढी निळी शाई पाहील आणि पूर्ण पुस्तकावरच शंका घेईल. बारा हजारवाल्याला चहा पाजून परत पाठवा. तोही तेच करणार, फक्त शाई जुनी वाटेल अशी वापरेल.

आता मुख्य गोष्ट. तुमच्या पत्राची चार पानं तुम्ही रात्री दिवे बंद करून गाडी कशी हाकली, नदीवरचा पूल कसा तुटलेला होता यावर खर्च केलीत. मला वाचायला आवडली. पण या अर्जासाठी ती चार पानं कामाची नाहीत. पूर्वी स्टार हे शौर्यपदक नाही. वीर चक्र किंवा सेना मेडल यांच्यासाठी कुणीतरी शिफारस करावी लागते, ती वरपर्यंत मान्य व्हावी लागते, मग नाव राजपत्रात छापून येतं. सेना मेडल शौर्यासाठी असेल तर २०१७ पासून महिन्याला दोन हजार रुपये भत्ता आहे, वीर चक्राला सात हजार. शिफारस झाली होती पण मेडल मिळालं नाही, असं कुणी सांगत आला तर मी त्याला बहुतेक वेळा परतच पाठवते, कारण तो वरिष्ठांचा निर्णय असतो आणि न्यायालयं त्यात सहसा हात घालत नाहीत. स्टारचं तसं नाही. ठरवून दिलेल्या क्षेत्रात, ठरवून दिलेल्या तारखांना तुम्ही हजर होता का, एवढाच प्रश्न असतो. हजर होता तर तो तुमचा हक्क, कुणाची मेहरबानी नव्हे. महिन्याचे पैसे त्याला नाहीत, हेही सांगून ठेवते. म्हणून तुम्हाला बहादुरी नाही, हजेरी सिद्ध करायची आहे.

आणि हजेरी सापडते पार्ट टू ऑर्डरमध्ये. जवान रजेवर गेला, कोर्सला गेला, दुसऱ्या युनिटला अटॅच झाला, जखमी झाला, तर त्या युनिटनं पार्ट टू ऑर्डर काढायची आणि ती रेकॉर्ड ऑफिसात शीट रोलवर, म्हणजे जवानाच्या सेवेच्या नोंदपत्रावर, चढायची, अशी पद्धत आहे. तुमच्या बाबतीत गाडं कुठे अडलं असेल याचा माझा अंदाज सांगते. तुम्ही होता ब्रिगेडकडे, कागद होते पलटणीकडे. ब्रिगेडनं आपल्या माणसांची यादी केली तेव्हा तुम्ही पाहुणे म्हणून सुटलात. पलटणीनं आपली यादी केली तेव्हा ती पूर्वेला गेलेलीच नव्हती. संग्राम मेडल मात्र मिळालं, कारण त्याचं क्षेत्र आणि काळ दोन्ही फार मोठे होते, ते पलटणीसोबत राहूनही मिळालं असतं. म्हणून 'संग्राम आहे म्हणजे पूर्वी स्टारही असलाच पाहिजे' असा युक्तिवाद करू नका, तो टिकणार नाही.

तुमच्या बाजूच्या एका कागदाचा पत्रात ओझरता उल्लेख करून तुम्ही पुढे गेलात, मी तिथेच थांबले. तुमच्या आईनं ट्रंकेत जपून ठेवलेलं डिसेंबर १९७१ चं आंतर्देशीय पत्र, ज्यावर पाठवणाऱ्याचा पत्ता ९९ एपीओ आहे. सैन्याच्या टपालात ९९ एपीओ पूर्वेकडच्या भागासाठी वापरतात, ५६ एपीओ इतरत्र. पलटण मागे असताना तुमचं पत्र ९९ एपीओ वरून आलं, याचा अर्थ तुम्ही पलटणीपासून वेगळे आणि पूर्वेला होता. सीमा ओलांडली हे त्यातून सिद्ध होत नाही, पण अटॅचमेंट झाली होती याला तो चांगला दुजोरा आहे. ते लॅमिनेट करू नका! शिक्का दिसेल असा फोटो काढा आणि मूळ पत्र घरीच ठेवा.

आता अर्ज. तो सागरला, म्हणजे महार रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला जायला हवा. बुलढाण्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून, तुम्ही ज्याला सोल्जर बोर्ड म्हणता तिथून, तो शिफारशीसह पाठवा. एक प्रत स्वतः स्पीड पोस्टानं टाका आणि पावती डिस्चार्ज बुकात नाही, वेगळ्या पाकिटात ठेवा. मजकूर एका पानाचा असू द्या: नंबर, हुद्दा, नाव, पलटण, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत कुठल्या ब्रिगेडला अटॅच, कोणासोबत. तुमच्यासोबतचे जे दोन ड्रायव्हर हयात आहेत असं लिहिलंत, त्यांची नोटरीपुढची प्रतिज्ञापत्रं जोडा. त्यांच्याकडे पूर्वी स्टार असेल तर त्यांच्या डिस्चार्ज बुकाच्या पानाची झेरॉक्स सोन्यासारखी.

त्याच दिवशी माहितीच्या अधिकाराचा अर्जही टाका. दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर, उत्तराला तीस दिवस, पानामागे दोन रुपये. मागायचं काय? तुमच्या शीट रोलची प्रत, १९७१-७२ मधल्या तुमच्या नावाच्या सगळ्या पार्ट टू ऑर्डर, आणि संग्राम मेडल कोणत्या आदेशावर दिलं तो आदेश. 'मला मेडल का दिलं नाही' असं विचारू नका, माहितीच्या कायद्यात 'का' ला उत्तर मिळत नाही. सुरक्षेचं कारण सांगून नकार आला तर घाबरू नका. स्वतःच्याच नोकरीच्या नोंदी मागताय, आणि वीस वर्षांपेक्षा जुन्या घटनांच्या बाबतीत कलम ८(३) मुळे नाकारण्याची बरीचशी कारणं गळून पडतात. सुरक्षेचं कारण मात्र तेवढ्यानं गळत नाही, म्हणून स्वतःच्या नोंदी मागतोय यावरच भर द्या. ब्रिगेडची वॉर डायरी, म्हणजे युद्धातली तिची रोजची नोंदवही, मात्र वेगळ्या अर्जानं संरक्षण मंत्रालयाच्या इतिहास विभागाकडे मागा. २०२१ च्या धोरणाप्रमाणे असे कागद साधारण पंचवीस वर्षांनी खुले व्हायला हवेत. तिच्यात तुमचं नाव सापडेल अशी आशा धरू नका, पण ब्रिगेड कुठल्या तारखेला कुठे होती हे कळेल, आणि आपल्याला तेच हवंय.

नकार आला किंवा सहा महिने काहीच आलं नाही, तर सशस्त्र सेना न्यायाधिकरण, महाराष्ट्रासाठी मुंबईचं खंडपीठ. नकारानंतर सहा महिन्यांत जायचं. उत्तरच नसेल तर ते सहा महिने संपल्यापासून पुढचे सहा. इथे तुमची खरी अडचण आहे ती पन्नासहून अधिक वर्षांच्या उशिराची. गावात कुणीतरी तुम्हाला तरसेम सिंग खटल्याचा दाखला दिलाय. २००८ चा तो निकाल अपंगत्व पेन्शनचा आहे. पेन्शन दर महिन्याला बुडते, म्हणून उशीर झाला तरी दार उघडं राहिलं. मेडल दर महिन्याला बुडत नाही. आणि आज नवा अर्ज करून त्यावर उत्तर मिळवलं म्हणजे जुनी मुदत पुन्हा सुरू होते, असंही नाही. सर्वोच्च न्यायालयानं हे २००८ मध्येच सी. जेकब खटल्यात स्पष्ट केलंय. उशीर माफ करण्याचा अधिकार न्यायाधिकरणाला आहे, पण त्यासाठी कारण लागतं. म्हणून मी आत्ता खटल्याचं बोलत नाही. हातात पार्ट टू ऑर्डर आली तर बहुतेक खटला लागणारच नाही, कारण रेकॉर्ड ऑफिसला स्वतःचाच कागद नाकारता येत नाही. ती आली नाही, तर केवळ आठवणींवर मुंबईच्या खेपा घालायचा सल्ला मी तुम्हाला या वयात देणार नाही.

फलकाचं थांबवू नका. '१९७१ युद्ध, संग्राम मेडल' एवढं आज खरं आहे, तेवढं लिहा, खाली एका ओळीची जागा सोडायला सांगा. घरपट्टीच्या माफीसाठी तर स्टार लागतच नाही, राज्याची २०२० ची योजना माजी सैनिक म्हणूनच लागू आहे. ग्रामसेवकानं मेडल मागितलं असेल तर त्याला ते सोल्जर बोर्डाकडून समजावून घ्यायला सांगा.

आणि अर्ज टाकण्याआधी एक काम नातवाकडून करून घ्या. संग्राम मेडलच्या कडेवर बारीक अक्षरात तुमचा नंबर आणि नाव कोरलेलं असेल. भिंग घेऊन ते त्याला मोठ्यानं वाचायला सांगा आणि तुम्ही डिस्चार्ज बुकातला नंबर बघत राहा. एक आकडा किंवा शेवटचं इंग्रजी अक्षर जरी वेगळं निघालं, तर अर्ज टाकू नका, आधी मला कळवा.