दोन लहान मुलांना घेऊन पहिल्यांदाच तंबूत मुक्काम करायचाय. काय तयारी करावी?

तुमचा प्रश्न असा: मुलगा पाच वर्षांचा, मुलगी दहा महिन्यांची, तुम्हा दोघांनाही कॅम्पिंगचा अनुभव नाही आणि बेत दोन रात्रींचा आहे. सामानाची यादी हवीये, शिवाय धाकटी जरा मोठी होईपर्यंत थांबावं का, हेही विचारलंय.

थांबायची गरज नाही. फक्त दोन रात्रींची एक करा. नव्या जागी पहिल्या रात्री मोठ्या माणसांचीही झोप सावध असते. झोपेवर संशोधन करणारे तर प्रयोगशाळेतली पहिली रात्र बऱ्याचदा हिशोबातच धरत नाहीत. मुलांचं वेगळं काय होणार? दुसऱ्या रात्री ती जास्त बरी झोपतात हे खरं, पण मधला अख्खा दिवस तारवटलेल्या डोळ्यांनी दोन पोरं सांभाळायची असतात. पहिल्याच वेळी ती हौस कशाला? एक रात्र छान गेली, तर मुलं स्वतःच पुढच्या खेपेसाठी मागे लागतील.

यादी मी देणार नाही. याद्या ढिगाने मिळतात आणि त्यातल्या निम्म्या वस्तू स्वयंपाकाच्या असतात. माझं अनुभवाने झालेलं मत असं की लहान मुलांसोबतच्या कॅम्पिंगमध्ये दिवसाची काळजी करायचीच नसते. माती, काटक्या, दगड आणि ‘हात घाण होतील’ म्हणून ओरडणारं कोणी नाही, एवढ्यावर पाच वर्षांचं पोर संध्याकाळपर्यंत मजेत असतं. ट्रिप बिघडते ती रात्री दहा ते सकाळी सहामध्ये. पैसे, डोकं, गाडीतली जागा, जे काही खर्च करायचं ते या आठ तासांसाठी करा.

सुरुवात घरापासून. तंबू आधी एकदा घरी नाहीतर जवळच्या मोकळ्या जागेत उभा करा. पहिल्यांदाच तिथे पोहोचून अंधारात, रडणारं बाळ कडेवर घेऊन कोणती काठी कशात घालायची हे वाचत बसणं म्हणजे नवरा-बायकोच्या भांडणाला आमंत्रण. आणि तो लगेच घडी करून ठेवू नका. मुलांना त्यात लोळू द्या, दुपारची झोप त्यातच काढू द्या. चेन उघडण्याचा तो खर्रकन आवाज, आतला वेगळाच उजेड, नव्या कापडाचा वास, हे सगळं ओळखीचं झालं की अर्धी लढाई जिंकली. तंबू निवडताना पाकिटावरच्या आकड्याला भुलू नका. ‘चार जणांचा’ म्हणजे चार अंथरुणं एकाला एक खेटून, सामानाला जागा शून्य. तुम्हा चौघांना सहा जणांचा घ्या. बाळाचा घडीचा पलंग नेणार असाल तर त्याचं माप आणि तंबूच्या आतल्या खोलीचं माप आधी टेपने ताडून पाहा. भिंती वर निमुळत्या होत जातात, त्यामुळे जमिनीवर मावणारा पलंग वर कापडाला टेकतो. पहिल्या ट्रिपसाठी हे सगळं विकत घेण्यापेक्षा कोणाकडून मागून आणा किंवा भाड्याने घ्या. आपल्याला काय लागतं हे एक रात्र काढल्याशिवाय कळत नाही.

जागा निवडताना नजाऱ्याच्या मागे लागू नका. गाडी तंबूशेजारी उभी करता येईल, संडास चालत जाण्याइतका जवळ असेल (पण नाकाला कळेल इतका जवळ नको) आणि पाण्याची सोय असेल, अशी रीतसर कॅम्पसाइट बघा. नदीकाठ किंवा तळ्याची कड मात्र रांगत्या बाळासाठी पहिल्या खेपेला वगळाच. कॅम्पसाइटवरही खोलगट भाग टाळायचा. गार हवा जड असते, ती रात्री वाहत खाली येऊन खळग्यात साठते. पावसाचं पाणीही तिथेच येतं. थोडी उंचावरची, सपाट, वाऱ्याला जरा आडोसा असलेली जागा उत्तम. मोठ्या झाडाखाली उभं राहून वर बघा. वाळकी फांदी लोंबत असेल तर दुसरीकडे चला.

उताराबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण हा डोळ्यांना दिसत नाही, पाठीलाच कळतो. तंबू ठोकण्याआधी नुसती चादर अंथरून सगळे आडवे व्हा. डोक्याकडून पायाकडे किंचित उतार असेल तर चालतो, डोकं तेवढं वर ठेवायचं. कुशीकडे उतार असला की संपलं. रात्रभर सगळं कुटुंब थेंबाथेंबाने एका कडेला सरकत जातं आणि पहाटे चारला भिंतीकडेच्या माणसाच्या अंगावर दोन मुलं, तीन पांघरुणं आणि एक पाण्याची बाटली असते. आमच्या घरात ती भिंतीकडची जागा माझी ठरलेली आहे.

आता गारठा. थंडी वरून लागते असं वाटतं, पण झोपलेल्या माणसाची ऊब जास्त करून खालची जमीन ओढून घेते. स्लीपिंग बॅगचा जो भाग अंगाखाली दबतो त्यातली हवा निघून जाते आणि तिथे ती ऊब धरत नाही. म्हणून भारी स्लीपिंग बॅगपेक्षा खालची मॅट महत्त्वाची. मॅटवर ‘आर-व्हॅल्यू’ असा आकडा असतो, तो जितका मोठा तितकी ऊब जास्त टिकते. उबदार रात्रींना १ ते २ पुरतो, गार रात्रींना ३ च्या वरची बघा. दोन मॅट एकावर एक टाकल्या की आकड्यांची बेरीज होते, म्हणजे साध्या फोमच्या दोन मॅट टाकूनही काम भागतं. हवा भरायची साधी जाड गादी दिसायला ऐसपैस असते, पण आतली हवा गार पडली की ती खालून गोठवते.

स्लीपिंग बॅगवर बहुधा दोन-तीन तापमानं छापलेली असतात: कम्फर्ट, लिमिट आणि एक्स्ट्रीम. खरेदी फक्त ‘कम्फर्ट’ बघून करायची. ‘एक्स्ट्रीम’ म्हणजे जीव कसाबसा तगेल असं तापमान, झोपेशी त्याचा संबंध नाही. शिवाय हे आकडे ज्या मानक चाचणीतून येतात, ती मोठ्यांच्या शरीरावर बेतलेली आहे. मुलांच्या बॅगवरचा आकडा त्या मानकात येतच नाही, त्यामुळे मुलासाठी थोडी जास्त उबदारच घ्या. हवामानाचा अंदाज बघताना लक्षात ठेवा की हजार मीटर चढलात की तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं आणि निरभ्र आकाशाच्या रात्री सर्वांत गार वेळ सूर्योदयाच्या आसपासची असते. झोपताना ठीक वाटलं म्हणून निर्धास्त होऊ नका. मुलाला अंगभर कोरडे कपडे घालूनच आत घाला. दिवसभर घातलेले कपडे घामाने दमट असतात, ते बदलायचेच.

धाकटीचं गणित वेगळं, आणि इथे मी जरा कडक आहे. दहा महिन्यांच्या बाळाला मोठ्यांच्या स्लीपिंग बॅगमध्ये घ्यायचं नाही, तिच्या अंगावर सुटी पांघरुणं आणि उशी ठेवायची नाही, हवा भरलेल्या मऊ गादीवर तर मुळीच झोपवायचं नाही. चेहरा त्यात रुतून श्वास कोंडू शकतो. घट्ट, सपाट अंथरूण, तिला पाठीवर ठेवायचं आणि ऊब द्यायची ती अंगात घालायच्या कपड्यांनी: एकावर एक पातळ थर आणि वरून बाळांची, हात आणि डोकं बाहेर राहणारी झोपायची पिशवी. बाळ गार पडलंय का हे हाताच्या बोटांवरून ठरवू नका, बोटं गारच लागतात. मानेमागे किंवा छातीवर हात लावून बघा. घाम असेल तर एक थर काढा. रात्री पारा दहा अंशांच्या खाली जाणार असेल तर मी असं बाळ घेऊन पहिली ट्रिप करणार नाही, तारीख पुढे ढकलेन. उलट बाजूही आहे: उन्हात उभा असलेला बंद तंबू बघता बघता भट्टी होतो, त्यामुळे दुपारी तिला आत झोपवून चेन लावून घेऊ नका.

गारठा वाटला म्हणून तंबूत शेगडी, स्टोव्ह, कोळशाची घमेली, गॅसचा कंदील यातलं काहीही पेटवायचं नाही. तंबूच्या पुढच्या पडवीतही नाही. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. झोपेतला माणूस जागा होत नाही. ‘विझत आलेत आता’ असे निखारे तर सर्वांत घातकी, ज्वाळा नसली तरी वायू सुटतच राहतो. याच्यात तडजोड नाही.

सगळी भोकं बंद करून ऊब राखायचा मोहही आवरा. चौघांच्या श्वासातली वाफ रात्रभर थंड कापडावर जमते. वरच्या खिडक्या थोड्या उघड्या ठेवा. तरी सकाळी भिंती आतून ओल्या दिसतीलच, तंबू गळतोय असं समजून घाबरू नका. आमचं धाकटं एका पहाटे उठून बसलं, त्याला ती ओली भिंत सापडली आणि दोन्ही तळव्यांनी त्यावर थापट्या मारायला लागलं. प्रत्येक थापटीला थेंबांची एक सर आमच्या तोंडावर. म्हणून एक पंचा उशाशी ठेवायचा, उठल्याबरोबर भिंत पुसून घ्यायची. आणि तंबूखाली प्लास्टिक अंथरत असाल तर ते चारी बाजूंनी तळाच्या आत दुमडा. बाहेर डोकावणारी कड पाऊस गोळा करून थेट तुमच्या पाठीखाली आणते.

झोपवताना घरचाच क्रम ठेवा: जेवण, दात, गोष्ट, दिवा बंद. मोठ्याला त्याची रोजची चादर आणि रोजचं खेळणं न्याच. हेडलॅम्प त्याच्या कपाळाला बांधलात तर तो बोलताना प्रत्येकाच्या डोळ्यांत झोत मारेल. त्याच्या हातात छोटी, मंद बॅटरी द्या आणि तिचा मालक तोच, असं जाहीर करा. अंधारात कसलासा आवाज आला की ‘काही नाही, झोप’ म्हणू नका, त्याने भीती वाढते. आवाजाला नाव द्या: हा किडा, हे पान पडलं, हा शेजारच्या काकांचा घोरण्याचा. शेवटच्याला हमखास हसू फुटतं. रात्री शूला बाहेर नेण्याचा खटाटोप टाळायचा असेल तर झाकणाचं पॉट पडवीत ठेवा. बाळ रडलं तर शेजाऱ्यांची लाज वाटते, हे समजतं. संध्याकाळीच जाऊन ‘आमची लहान आहे, रात्री आवाज होईल’ एवढं सांगून आलात की दोन्हीकडचा ताण उतरतो.

शेकोटी करणार असाल तर भोवती दगडांची किंवा दोरीची रेघ आखा, तिच्या आत मुलांनी यायचं नाही. पण खरा धोका दुसऱ्या दिवशी सकाळी असतो. राख वरून पांढरी, थंड दिसते, आत निखारे तासन्‌तास धगधगत राहतात आणि सकाळी सर्वांत आधी उठून तिकडे धावणारं माणूस तुमच्याकडे पाच वर्षांचं आहे. झोपण्याआधी भरपूर पाणी ओता, काठीने ढवळा, पुन्हा ओता. वर हाताची मागची बाजू धरून जोपर्यंत जराही धग लागते, तोपर्यंत ती विझलेली नाही.

मोठ्याच्या गळ्यात शिट्टी अडकवा आणि एकच नियम शिकवा: आई-बाबा दिसेनासे झाले तर झाडाला मिठी मारून तिथेच थांबायचं, तीनदा शिट्टी वाजवायची. १९८१ साली अमेरिकेत नऊ वर्षांचा एक मुलगा डोंगरात हरवून दगावला, त्यानंतर तिथे मुलांना हेच शिकवायला सुरुवात झाली. थांबलेलं मूल लवकर सापडतं, चालत राहिलेलं लांब जातं. घरी खेळ म्हणून सराव करून घ्या.

जेवणात प्रयोग नकोत. मुलं घरी रोज खातात तेच, जमेल तेवढं घरून शिजवून न्या. नासणारे पदार्थ बर्फाच्या पेटीत ठेवा, बाहेर दोन तासांपेक्षा जास्त राहिलेलं टाकून द्या. डासांसाठी लांब बाह्या आणि जाळी पुरते. मलम लावणारच असाल तर बाळाच्या हातांना आणि तोंडाजवळ लावू नका, हात तोंडातच जाणार आहेत.

परतीचा निर्णय घरी असतानाच ठरवून ठेवा, म्हणजे रात्री एक वाजता वाद होत नाहीत. आमच्याकडे तीन कारणं ठरलेली होती: बाळाला ताप, अंथरूण भिजणं, किंवा तासभर काही केल्या शांत न होणं. यातलं एक झालं की सामान तिथेच सोडून मुलांना गाडीत घालून निघायचं, तंबू सकाळी एकाने येऊन काढायचा. मात्र निघण्याआधी चालवणाऱ्याने स्वतःला विचारायचं की झोप अनावर होतेय का. होत असेल तर गाडी चालू न करता तिथेच बसून उजाडायची वाट बघायची. मेघगर्जना ऐकू आली तर ठरवाठरवीची वेळच नाही, सगळ्यांनी लगेच गाडीत बसून काचा बंद करायच्या आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास आतच राहायचं. तंबू विजेपासून अजिबात वाचवत नाही, बंद छताची गाडी वाचवते.

घरी आल्यावर कितीही थकला असलात तरी तंबू पिशवीतून काढून दोरीवर टाका. ओला बांधून ठेवलेल्या कापडाला दोन-तीन दिवसांत बुरशी येते आणि तो वास नंतर काही केल्या जात नाही. मागून आणलेला असेल तर हे जास्तच लक्षात ठेवा.