शेततळ्यातलं शेवाळ नकोच. स्पिरुलिना द्यायची तर पहिल्या आठवड्यात

दादा, तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. 3,000 ब्रॉयलरला बॅचभर खाद्यात 1 टक्का स्पिरुलिना (खाण्यासाठी मुद्दाम वाढवलेल्या निळ्या-हिरव्या शेवाळाची पावडर) द्यावी का, आणि परवडत नसेल तर शेततळ्यातलं हिरवं शेवाळ वाळवून घातलं तर चालेल का.

शेवाळाचं आधी सांगतो. अजिबात घालू नका. आपल्याकडे उन्हात तळ्याचं पाणी खाली गेलं की वर जो हिरवा तवंग धरतो, त्यात मायक्रोसिस्टिस हे विषारी निळं-हिरवं शेवाळ असू शकतं. त्याच्या विषाने लिव्हर खराब होतं. वाळवून, उकळून ते जात नाही आणि नुसत्या नजरेला कळतही नाही. तवंग असलेलं पाणीसुद्धा पक्ष्यांना पाजू नका.

आता स्पिरुलिना. तिच्यात 55 ते 70 टक्के प्रोटीन असतं हे विकणारा सांगतो ते खरं आहे, पण प्रोटीनसाठी सोयापेंड कितीतरी स्वस्त पडते. स्पिरुलिनाचा उपयोग आहे तो तिच्यातल्या फायकोसायनिन (निळं रंगद्रव्य) आणि कॅरोटिनॉइड (पिवळी-नारिंगी रंगद्रव्यं) यांच्यामुळे. थोड्या प्रमाणात दिल्यावर पक्ष्याची उन्हाचा ताण सोसायची ताकद सुधारल्याचं प्रयोगांत दिसलंय, कातडीला पिवळेपणाही येतो. वजनाचं मात्र तसं नाही. कुठे वाढतं, कुठे काहीच फरक पडत नाही. आणि जास्त घातली, म्हणजे 15 टक्क्यांच्या आसपास, तर आतड्यात चिकटपणा येऊन पचनच बिघडतं.

हिशोब मांडा. एक पक्षी विक्रीपर्यंत साडेतीन किलो खाद्य खातो. 3,000 पक्ष्यांना साडेदहा टन. त्याला 1 टक्क्याने 105 किलो पावडर लागेल. किलोला 600 रुपये धरले तर 63,000 रुपये, म्हणजे पक्ष्यामागे 21 रुपये. एवढे पैसे एफसीआरमधून, म्हणजे किलोभर वजनाला लागणारं खाद्य कमी होऊन, निघणार नाहीत. पण पहिल्या सात दिवसांत पिल्लू जेमतेम 150 ग्रॅम खातं. तेवढ्यापुरती साडेचार किलो पावडर पुरते, खर्च 2,700. आतडं आणि प्रतिकारशक्ती घडते तीही याच दिवसांत. मी असतो तर एवढंच केलं असतं.

मिसळताना पावडर आधी चार-पाच किलो भरडलेल्या मक्यात एकजीव करा, मग गोणीत. क्रंबल (बारीक दाणेदार खाद्य) असेल तर थोडं सोयाबीन तेल चोळा, नाहीतर सगळी पावडर तळाला बसते. घेताना चिमूटभर ग्लासात भिजत ठेवा. ताज्या मालाचा निळा रंग पाण्यात उतरतो, तपकिरी पडलेला माल परत करा. उन्हात, उघड्या डब्यात ठेवू नका.

करारावर बॅच असेल तर सुपरवायझरला विचारल्याशिवाय खाद्यात काहीही घालू नका. खाद्य कंपनीचं असतं, हिशोबात अडचण येईल. लासोटा (राणीखेतची लस), गंबोरोच्या लसीचे डोस वेळेवर झालेच पाहिजेत, त्यांच्या जागी ही पावडर चालत नाही. मे महिन्यात पारा 42 च्या वर गेला की फॉगर (पाण्याचे बारीक तुषार उडवणारी यंत्रणा), छपरावर ओलं गोणपाट आणि दुपारी खाद्य वर उचलणं यानेच मरतूक आटोक्यात राहते.

शंका असेल तर ब्रूडिंगला (पिल्लांना ऊब देण्याच्या पहिल्या दिवसांत) जाळी लावून 200 पिल्लं वेगळी काढा, त्यांना पावडर न घालता वाढवा आणि सातव्या व एकविसाव्या दिवशी दोन्हीकडची वजनं घ्या. आकडे इथे टाका, पुढच्या बॅचचं त्यावरून ठरवू.