"पंपाने मी अजून जाडी होईन ना?"

"ताई, दम्याच्या पंपात स्टेरॉइड असतं म्हणे. मी आधीच अशी, अजून फुगले तर?" पंप म्हणजे तोंडाने ओढायचा इनहेलर. जळगावात समुपदेशन करताना हे इतक्या जणींकडून ऐकलंय की आता प्रश्न येण्याआधीच ओळखू येतो.

रेखाताई (नाव बदललंय) यावलकडच्या, केळी-कापसाचं घर. वय 46, वजन 92 किलो. जिना चढून आल्या, धापा टाकत खुर्चीत बसल्या. "माले दम लागस ना ताई. डॉक्टर म्हणतात चाला. चाललं की दम, दम लागला की घरी."

त्या दिवशी मी वजनाचा विषयच काढला नाही. सासरपासून दवाखान्यापर्यंत सगळ्यांनी तोच काढला होता. माणसाला सल्ला कमी पडत नाही, स्वतःचं उत्तर स्वतः शोधायला उसंत कमी पडते, असं माझं जुनं मत आहे. एवढंच सांगितलं, "पुढच्या वेळी भिंतीवरचं कॅलेंडर घेऊन या."

आणलं. दुधाचे खाडे, गॅसची तारीख आणि मधूनमधून "द", म्हणजे दवाखाना.

"हे 'द' कशाचे?"

"दम्याच्या अटॅकचे. एप्रिलात मिरची कुटली तेव्हा एक, पावसाळ्यात एक, दिवाळीनंतर कापूस घरात रचला तेव्हा दोन. दर वेळी पाच दिवस गोळ्या."

"आणि रोजचा पंप कधी सोडला?"

त्यांचं बोट मार्चवर गेलं. मग एप्रिलवर. बराच वेळ तिथेच राहिलं. मी मुद्दाम गप्प बसले; हे गप्प बसणं शिकायला मला दहा वर्षं लागलीत.

"म्हणजे पंपाला घाबरून मी गोळ्याच खात होते?"

खरं कोडं तिथेच सुटलं. अटॅकच्या गोळीतलं स्टेरॉइड मिलिग्रॅममध्ये मोजतात आणि ते सगळ्या अंगात फिरतं. भूक आणि वजन वाढवतं ते मुख्यतः हेच, वारंवार घेतलं की. पंपातलं मायक्रोग्रॅममध्ये असतं, म्हणजे मिलिग्रॅमचा हजारावा भाग, आणि थेट श्वासनलिकेत जातं. पंप घेतल्यावर खळखळून चूळ भरायची, म्हणजे तोंड येत नाही.

एक खरं, की वजन जास्त असलं तर काहींना पंपाचा गुण कमी येतो. तेव्हा औषध बदलायचं की वाढवायचं हे डॉक्टर ठरवतील. आपण बंद करायचं नाही. शिवाय जाड माणसाचा प्रत्येक दम हा दमाच नसतो. फुंकून करायची फुफ्फुसांची तपासणी, म्हणजे स्पायरोमेट्री, एकदा करून घ्या. रात्री घोरणं, जेवणानंतर घशाशी आंबट येणं, हेही डॉक्टरांना सांगा.

वजनाचा विषय रेखाताईंनीच काढला, पाचव्या भेटीत. पाच ते दहा टक्के उतरलं तरी दमा आटोक्यात यायला मदत होते, हे ऐकून त्यांनी बोटांवर हिशेब केला: "पाच ते नऊ किलो. बस?" सुरुवात घरामागच्या बांधावर, सकाळी दहा मिनिटं. बोलता येईल इतक्याच वेगाने.

पुढच्या हिवाळ्यात शेतातल्या भरीत पार्टीहून त्यांचा फोन आला. पऱ्हाट्यांवर वांगी भाजत होती, त्या धुरापासून लांब बसल्या होत्या. "जाऊबाईसमोरच पंप घेतला," म्हणाल्या. "आता ती विचारतेय, तिच्या घोरण्याला कुठला डॉक्टर?"