स्ट्रॉम्बर्ग-कार्लसनचा चिनी चित्रांचा टीव्ही

प्रश्न : न्यूयॉर्क राज्यात आम्ही नुकत्याच घेतलेल्या जुन्या घराच्या तळघरात आधीच्या मालकांनी कपाटाएवढा एक टीव्ही मागे ठेवला आहे. दोन्ही दारे उघडल्यावर आत लहानसा पडदा दिसतो. दारांवर पॅगोडा, पूल आणि छत्र्या घेतलेली माणसे सोनेरी रंगात चितारलेली असून आत स्ट्रॉम्बर्ग-कार्लसन हे नाव आहे. हा टीव्ही चीनमध्ये तयार झाला असेल का? ही कंपनी कोणती होती? आणि तो सुरू करून पाहावा का?

उत्तर : चीनमध्ये पहिला टीव्ही संच १९५८ मध्ये तयार झाला, त्यामुळे ती शक्यता सोडून द्यावी. आपल्या वर्णनावरून हा संच १९५० च्या सुमारास ‘चायनीज क्लासिक’ या नावाने विकल्या गेलेल्या प्रकारातला दिसतो. दारांवरची शैली युरोपीय आहे. सतराव्या-अठराव्या शतकांत चीन आणि जपानमधील लाखकामाला युरोपात मोठी मागणी होती. पण ज्या झाडाच्या चिकापासून खरी लाख बनते ते झाड तिकडे नसल्याने तेथील कारागिरांनी रोगणाचे थर, उठावाचा लेप आणि सोनेरी भुकटी वापरून तिची नक्कल केली आणि चीन कधी न पाहिलेल्या माणसांनी कल्पनेतला चीन रंगवला. ही चित्रे त्याच परंपरेतली आहेत.

कंपनीचा जन्म टेलिफोनच्या धंद्यात झाला. टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांच्या मूळ पेटंटांची मुदत संपताच, १८९४ मध्ये, आल्फ्रेड स्ट्रॉम्बर्ग आणि अँड्रॉव्ह कार्लसन या मूळच्या स्वीडिश गृहस्थांनी प्रत्येकी ५०० डॉलर घालून शिकागोत टेलिफोन बनवायला सुरुवात केली. १९०४ मध्ये रॉचेस्टरच्या एका टेलिफोन कंपनीने हा व्यवसाय विकत घेतला आणि कारखाना आपल्याच राज्यातील त्या शहरात आला. १९२० च्या दशकात रेडिओची भर पडली. या रेडिओंचा लौकिक आवाजासाठी होता आणि त्यात कपाटाचा वाटा मोठा होता. १९३० च्या दशकात कंपनीने स्पीकरच्या मागचा आवाज नागमोडी लाकडी बोगद्यातून फिरवून खालचे सूर भारदस्त करणारी रचना आणली होती. लाकूडकामाची अशी सवय असलेल्या कंपनीने टीव्हीलाही दिवाणखान्यातले फर्निचर मानले, हे स्वाभाविकच. पडदा बंद असताना तो डोळ्यांना खुपू नये म्हणून दारे, आणि दारे बंद असताना पाहायला काही असावे म्हणून चित्रे!

रॉचेस्टरमधील ‘डब्ल्यूएचएएम’ हे रेडिओ केंद्रही याच कंपनीचे होते आणि १९४९ मध्ये तिने तेथे टीव्ही केंद्र सुरू केले. म्हणजे संच विकणारी आणि त्यावर दिसणारे कार्यक्रम पाठवणारी कंपनी एकच. १९५५ मध्ये ती जनरल डायनॅमिक्स या संरक्षण सामग्री बनवणाऱ्या कंपनीत विलीन झाली आणि त्याच सुमारास घरगुती टीव्हीचे उत्पादन थांबले. पुढे या नावाने टेलिफोन एक्स्चेंजची यंत्रे आणि संगणकाचे उत्तर थेट फिल्मवर उमटवणारे ‘एससी-४०२०’ हे यंत्र निघाले. बेल लॅब्ज या अमेरिकी टेलिफोन कंपनीच्या संशोधन संस्थेतील संगणकावरचे सुरुवातीचे चलतचित्रपट त्याच यंत्रावर तयार झाले आणि माझ्या मते हे या कंपनीच्या टीव्हीपेक्षाही मोठे काम आहे.

आता आपला शेवटचा प्रश्न. संचाची वायर कृपा करून प्लगमध्ये घालू नये, ‘फक्त एकदा’ म्हणूनसुद्धा नाही. आतले कागदी आणि इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर (विद्युतभार साठवणारे सुटे भाग) इतक्या वर्षांत निकामी झालेले असतात. वीज मिळताच ते फुटू शकतात आणि पुन्हा न मिळणारा ट्रान्सफॉर्मर जाळू शकतात. पिक्चर ट्यूबला हजारो व्होल्ट लागतात आणि संच बंद केल्यानंतरही तिच्यात विद्युतभार उरू शकतो, शिवाय तिच्या आत निर्वात पोकळी असल्याने धक्का लागल्यास काचा उडतात. त्यामुळे मागचे झाकण व्हॉल्व्हचे संच दुरुस्त करणाऱ्या जाणकारानेच उघडावे. दुरुस्तीनंतरही अँटेनावर काही दिसणार नाही, कारण अमेरिकेतील मोठ्या केंद्रांचे ॲनालॉग प्रक्षेपण १२ जून २००९ रोजी बंद झाले. मात्र डिजिटल प्रक्षेपण जुन्या पद्धतीत बदलणारा कन्व्हर्टर आणि ते चित्र टीव्हीच्या चॅनेलवर आणणारा मॉड्युलेटर जोडून ३ क्रमांकाच्या चॅनेलवर कृष्णधवल चित्र आणता येते.

चित्रांची काळजी सोपी आहे, पण ती तळघरात घेता येणार नाही. ओलीमुळे लाकूड फुगते आणि वरचा लेप पापुद्र्यांनी सुटतो, म्हणून संच कोरड्या खोलीत, उन्हापासून आणि हीटरपासून दूर हलवावा. धूळ मऊ, कोरड्या ब्रशने झटकावी. पाणी, पॉलिश किंवा फर्निचरचा स्प्रे लावू नये आणि उडालेला सोनेरी रंग स्वतः भरू नये. आतले यंत्र काढून अशा कपाटांचे मद्याच्या बाटल्या ठेवायचे बार करणारे पुष्कळ आहेत. तसे करू नये, असे मी आग्रहाने सांगेन, कारण संग्राहक मूळ यंत्र आणि मूळ रंगकाम एकत्र असलेलाच संच शोधत असतात. नेमके मॉडेल यंत्राच्या मागे किंवा कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवलेल्या कागदी पट्टीवर छापलेले असते. दुरुस्तीसाठी यंत्राच्या आतील जोडणीचा नकाशा मिळवताना तोच क्रमांक लागेल, म्हणून ती पट्टी पुसू नये.