न आलेल्यांचं रजिस्टर

प्रिय डॉक्टर,

तुझं पत्र दोनदा वाचलं. दिवसाला वीस-बावीस पेशंट, 'लोकांत जागृतीच नाही', आणि मग 'इथे राहून करू काय?' जागृतीवर नंतर चिडतो. आधी सांग, काल कोण आलं नाही?

माहीत नसणार. मलाही नसायचं. पहिली सहा वर्षं माझी ओपीडी ओसंडून वाहायची आणि मी त्यातच खूश. बीपीचा एक पेशंट मध्येच यायचा थांबला. मी त्याच्या कार्डावर लाल शाईने 'अनियमित' असं लिहिलं आणि कार्ड खणात टाकलं. चार महिन्यांनी त्याला बाजेवर घालून आणलं. उजवी बाजू लुळी, वाचा गेलेली. बायको म्हणाली, "तीनदा येऊन गेले. गोळ्या संपल्यात, उद्या या, म्हणाले. रोज मजुरी कशी बुडवायची?" औषधांची ती खिडकी माझ्या खुर्चीपासून दहा पावलांवर होती.

म्हणून विचारतो, कोण आलं नाही?

मातामृत्यूंच्या अभ्यासात तीन उशीर सांगतात: जायचं ठरवायला, पोहोचायला आणि पोहोचल्यावर उपचार मिळायला. तुझी 'जागृती' फक्त पहिल्याबद्दल बोलते. तिसरा तर तुझ्याच इमारतीत घडतो! पोस्टर छापण्याआधी त्या खिडकीजवळ एक सकाळ उभा राहा.

ज्युलियन ट्यूडर हार्ट यांनी 1971 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात लिहून ठेवलंय की जिथे गरज जास्त, तिथेच चांगले उपचार कमी मिळतात. वेल्समधल्या खाणकामगारांच्या गावातले हे डॉक्टर. आलेल्यांवर न थांबता त्यांनी आपल्याकडे नाव नोंदलेल्या सगळ्यांचंच बीपी मोजायला घेतलं. गडचिरोलीच्या 39 गावांतही बाळाला दवाखान्यात आणण्याची वाट कुणी पाहिली नाही. गावातलीच शिकवलेली बाई बाळाच्या घरी जायची. नवजात मृत्यू 62 टक्क्यांनी घटल्याचं 1999 साली छापून आलं. तिथल्या आया काय आधीपासून 'जागृत' होत्या?

रजिस्टर उलटं कर आणि मागच्या पानापासून न आलेल्यांची नावं लिही. कोणाच्या गोळ्या या आठवड्यात संपतात, कोणाचे दिवस भरत आलेत, रेफर केलेल्यांपैकी पुढे कोण पोहोचलंच नाही. सिस्टरला विचार, तिला तुझ्यापेक्षा जास्त माहीत असतं.

मी आठवड्यातली एक दुपार ओपीडी बंद ठेवून वस्त्यांवर जायला लागलो, तर तक्रार झाली. 'आकडे घटले' म्हणून वरून नोटीस आली. मी उत्तरात न आलेल्यांची यादी जोडली, ती कुणी वाचली नाही. बढती हुकली. बायको आजही म्हणते, जरा गोडीने घेता आलं असतं. असेलही. पण दुपार मी सोडली नाही आणि त्यात माझं चुकलं असं मला अजून वाटत नाही. चुकलं ते आधीच्या सहा वर्षांत.

राहायचं की सोडायचं, हे रविवारी फोनवर बोलू. पण दहा नावं लिहून झाली असतील तरच फोन कर.

तुझा,
एक म्हातारा डॉक्टर