रशियन क्रांतीबद्दल जॉन रीडच्या 'टेन डेज दॅट शूक द वर्ल्ड' या पुस्तकावर कितपत विश्वास ठेवावा?

डोळ्यांनी पाहिलेल्या प्रसंगांपुरता भरपूर ठेवा; पडद्यामागच्या राजकारणाबाबत मात्र नाही. हा अमेरिकन पत्रकार सप्टेंबर १९१७ पासून पेट्रोग्राडमध्ये (तेव्हाची राजधानी, आजचं सेंट पीटर्सबर्ग) होता आणि लेनिनच्या बोल्शेविक पक्षाने सत्ता घेतली त्या रात्री, जिथे आधीचं हंगामी सरकार बसत होतं त्या हिवाळी राजवाड्यात शिरला होता. तिथे काहीजण वस्तू उचलू लागतात, तेवढ्यात 'ही जनतेची मालमत्ता आहे' अशी ओरड होते आणि दाराशी बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाची झडती सुरू होते. असा तपशील तिथे हजर असलेला माणूसच देऊ शकतो. शिवाय त्याने पत्रकं, जाहीरनामे, वर्तमानपत्रं गोळा केली आणि त्यातलं बरंच पुस्तकात जसंच्या तसं दिलं. माझ्या मते हाच त्याचा सर्वांत मोलाचा भाग.

पण त्याचं रशियन कच्चं होतं, आणि आपली सहानुभूती तटस्थ नव्हती हे तो प्रस्तावनेतच सांगतो. लेनिनने या पुस्तकाची शिफारस केली. स्टालिनच्या काळात तेच दडपलं गेलं, कारण त्यात ट्रॉट्स्की (क्रांतीतला लेनिनचा साथीदार, पुढे स्टालिनचा प्रतिस्पर्धी) ठळक आहे आणि स्टालिन जवळजवळ नाहीच. म्हणून सोबत सुखानोव्ह या रशियन समाजवाद्याच्या आठवणी जरूर वाचा. तोही तिथेच होता, पण बोल्शेविकांचा विरोधक म्हणून.