बसलो की ७२, उठलो की ९४

"मॅडम, बसलेलो असताना मिनिटाला ७२ ठोके आणि नुसता उठलो तर ९४! हे नॉर्मल कसं?" पस्तिशीतले ते गृहस्थ हातातलं स्मार्टवॉच माझ्यापुढे धरून विचारत होते. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) ऑफिसातल्या सहकाऱ्याला हार्ट अटॅक आला, तेव्हापासून हे सुरू होतं. रात्री उठूनही ठोके बघायचे, बायकोला "मी ठीक आहे ना?" विचारत राहायचे, जिने चढणं बंद. ईसीजी, टू-डी इको, थायरॉईड, हिमोग्लोबिन सगळं व्यवस्थित निघाल्यावर त्यांच्या डॉक्टरांनीच त्यांना माझ्याकडे, म्हणजे समुपदेशकाकडे, पाठवलं.

निरोगी शरीराचा आकडा हलत नाही, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. पण आपण उभे राहतो तेव्हा जवळजवळ अर्धा लिटर रक्त पोटाकडे आणि पायांकडे उतरतं. मानेतल्या धमन्यांमधली दाब ओळखणारी मज्जातंतूंची टोकं मेंदूला लगेच कळवतात. मग ठोके वाढतात, रक्तवाहिन्या आवळतात आणि मेंदूला रक्त पुरत राहतं. रक्तदाब सांभाळायचा तर ठोक्यांना बदलावंच लागतं. ज्या आकड्याला ते घाबरत होते, तो शरीर आपलं काम चोख करत असल्याचा पुरावा होता.

मी त्यांना मनगटावर बोटं ठेवून सावकाश श्वास घ्यायला सांगितलं. श्वास आत घेताना ठोके किंचित जलद, सोडताना संथ. हे त्यांना स्वतःला जाणवलं, आणि माझ्या सगळ्या बोलण्यापेक्षा त्याचाच उपयोग जास्त झाला.

भीतीचं चक्र मात्र समजून घ्यावं लागलं. आकडा पाहिला की धसका, धसक्याने ॲड्रेनलिन हे संप्रेरक सुटणार, त्याने ठोके आणखी वाढणार. शरीराचा हा भीतीचा प्रतिसाद अभ्यासणारे अमेरिकन शरीरक्रियाशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनीच पुढे १९२६ मध्ये शरीराच्या समतोलाला होमिओस्टॅसिस हे नाव दिलं.

रात्री घड्याळ दुसऱ्या खोलीत ठेवायचं, दिवसा बघावंसं वाटलं तर दहा मिनिटं थांबायचं, असं ठरलं. बायकोने दर वेळी धीर देणं थांबवलं, कारण त्यानेही हे चक्र चालूच राहत होतं. तिला हे फार जड गेलं. जिने आम्ही एकेक मजला वाढवत नेले. आता ते तिसऱ्या मजल्यावरच्या घरी चालत जातात. धाप लागते, ठोके वाढतात, आणि थोड्या वेळात आपसूक खाली येतात.

तुम्हालाही असं होत असेल, तर आधी डॉक्टरांकडून तपासून घ्या. छातीत दुखणं, चक्कर येऊन पडणं किंवा आरामात असतानाही ठोके सतत १००च्या वर राहणं, यातलं काहीही असेल तर समुपदेशकाची वेळ घेऊन वाट बघत बसू नका.